पाहुणे आधी, घर नंतर

चार दिवसांत आम्ही तीन घरं पाहिली. त्यातली दोन माझ्या सासूबाईंना इतकी आवडली की दोन्ही वेळा मला त्यांना जवळजवळ ओढून बाहेर काढावं लागलं. तिसरं त्यांना मुळीच आवडलं नाही. आज आम्ही त्याच तिसऱ्या घरात राहतो.

सासूबाईंचं नाव बुरुलकान. मी त्यांना आपा म्हणते. आमच्याकडे आईलाही आपा आणि सासूलाही आपाच. मी आयसालकिन, पण एवढं लांब नाव घ्यायला आपांना वेळ नसतो, म्हणून नुसती सालकिन. तोकमोक गावात मी औषधांच्या दुकानात कामाला होते. नवरा मेदेत कोरियात, जहाजांना रंग लावायच्या कामावर. गेला तेव्हा ‘दोनच वर्षं’ म्हणून गेला होता. दोनाची चार झाली आणि पाचवं लागलं. पगार चांगला होता, आणि अडचणही तीच होती. चांगला पगार सोडून आलेल्या माणसाने इथे करायचं काय, हा प्रश्न दरवर्षी यायचा आणि दरवर्षी मेदेत आणखी एक वर्ष तिथेच राहायचा.

मग त्यानेच एक दिवस विषय काढला. इसिक-कुल सरोवराच्या काठी एखादी जागा घ्यायची आणि सुट्टीवर येणाऱ्यांना दोन-दोन, चार-चार दिवसांसाठी भाड्याने द्यायची. त्याच्याबरोबर रंग लावणाऱ्या दोघांनी उत्तर काठावर बोस्तेरीजवळ मोठ्या इमारतीत फ्लॅट घेतले होते.

“डोळे मिटून तिथेच घ्या,” मेदेत फोनवर म्हणाला. “उन्हाळ्यात अख्खा देश तिथे असतो.”

“डोळे मिटून तुला कोरियात धाडलं, तेवढं पुरे,” मी म्हटलं. “आता उघडे ठेवून बघते.”

आमची मुलगी बेगिमाय राजधानीत, बिश्केकला शिकते. तिने नेटवर शोधून तीन जागा काढून दिल्या. एक उत्तर काठावरचा फ्लॅट, एक काराकोल शहरातलं लाकडी घर, आणि एक दक्षिण काठावरच्या आक-ओरुक नावाच्या खेड्यात. तिसरं का, असं विचारल्यावर म्हणाली, “फोटोत झाडं छान आहेत.” सप्टेंबर लागला होता. मी दुकानातून रजा घेतली. आपांनी बोचक्यात पाव, उकडलेली अंडी आणि चांगला रुमाल घेतला, आणि आम्ही निघालो. आपा नारिनकडच्या डोंगरातल्या. सरोवराच्या काठाने बसमधून कितीदा गेल्या असतील, पण सुट्टी घेऊन तिथे राहायला म्हणून त्या कधी उतरल्या नव्हत्या. मी तरी कुठे उतरले होते!

बोस्तेरीला ‘निळी लाट’ नावाची इमारत होती. दाखवायला एल्दार नावाचा पोरगेलासा दलाल आला. टोकदार बूट, तोंडात साखर. आपांना आजी, मला एजे, म्हणजे ताई.

“या आजी, या एजे! आधी लिफ्ट बघा.”

झालं. आपा लिफ्टवर जाग्यावरच फिदा. आम्ही सातव्या मजल्यावर गेलो. मग काहीतरी खाली विसरल्याचं निमित्त करून आपा पुन्हा खाली गेल्या आणि पुन्हा वर आल्या. फ्लॅट खरोखर सुरेख होता. पांढऱ्या भिंती, काचेचं टेबल, बाहेर गच्ची, आणि गच्चीखाली सगळं निळंच निळं. पलीकडच्या काठाचे डोंगर ढगांवर ठेवल्यासारखे दिसत होते.

“सालकिन,” आपा कठड्याला धरून म्हणाल्या, “घेऊन टाक गं. इथे बसून चहा प्यायचा म्हणजे खान झाल्यासारखंच की!”

मी खाली बघत होते. वाळूवर एक माणूस नव्हता. दुकानांची फळकुटं लागली होती. एक कुत्रं उलट्या करून ठेवलेल्या होड्यांमधून हिंडत होतं.

“लोक कुठे आहेत?” मी विचारलं.

“हंगाम संपला ना, एजे! जुलैत येऊन बघा, पाय ठेवायला जागा नसते.”

“जुलै, आणि?”

“ऑगस्ट. बराचसा.”

“आणि मग?”

“मग शांतता,” एल्दार हसून म्हणाला. “शांततेलाही गिऱ्हाईक असतं.”

मी नळ सोडून पाहिला. पाणी होतं. हिवाळ्यात असतं का, असं विचारल्यावर तो जरा चाचरला. नळ गोठून फुटू नयेत म्हणून हिवाळ्यात पाणी बंद करतात. लिफ्टही बंद. तेवढ्यात आपांनी शेजारच्या गच्चीत डोकावून पाहिलं. हुबेहूब तसंच टेबल, तशाच खुर्च्या.

“शेजारी कोण आहे रे, बाळा?”

“इथे शेजारी नसतात, आजी. गुंतवणूकदार असतात.”

तो खोटं बोलत नव्हता, हे आज मी मान्य करते. ज्यांना बिश्केकमध्ये किंवा कोरियात बसून दोन महिन्यांची कमाई हवी, त्यांच्यासाठी ती जागा चांगलीच होती. पण मेदेतने घरी यायचं ते फक्त जुलैत आणि ऑगस्टच्या बऱ्याचशात का? मी नको म्हटलं. आपा बसस्टॉपपर्यंत मागे वळून बघत होत्या.

“लिफ्ट होती गं,” त्या दोनदा म्हणाल्या.

काराकोलचं घर जुनं रशियन बांधणीचं होतं. निळ्या खिडक्या आणि त्यांभोवती लाकडात कोरलेली वेलबुट्टी, रुमालाला कशिदा काढल्यासारखी. आपांनी दारातच हात छातीशी जोडले.

“हे! हेच! हिवाळ्यात बर्फावर घसरणारे येतात, उन्हाळ्यात डोंगर चढणारे येतात. बघ, बारा महिने धंदा. मला सगळं कळतं.”

खरंच कळत होतं त्यांना. पण त्या गल्लीत दर दुसऱ्या फाटकावर ‘पाहुण्यांसाठी खोल्या’ अशी पाटी होती. शिवाय मी तळघराचं झाकण उचललं, तर आत पाणी चमकत होतं. मालक म्हणाला, “पावसाचं आहे.” तिथे तीन आठवडे पाऊस पडला नव्हता.

आम्ही जिच्या घरी उतरलो होतो ती तुर्सुनाय नावाची बाई स्वतः खोल्या भाड्याने द्यायची. मी तिला सरळ विचारलं, “एजे, तुम्ही असता तर घेतलं असतं का?”

तुर्सुनाय खो खो हसली. “घे म्हटलं तर माझी गिऱ्हाईकं तू नेशील. नको म्हटलं तर मी मत्सरी ठरेन. त्यापेक्षा बाजारात जाऊन अश्लान-फू खा.”

आम्ही गेलो. गार, आंबट, झणझणीत रश्शातल्या शेवया खाताना आपांच्या डोळ्यांतून आणि नाकातून पाणी येत होतं. दुसरा वाडगा मागवत त्या म्हणाल्या, “नुसत्या या वाडग्यासाठी माणसाने काराकोलला घर घ्यावं.”

संध्याकाळी मेदेतचा फोन आला. तो दिवसभर हिशेब करून बसलेला. बोस्तेरी का नाही, भाडं एवढं, रात्री एवढ्या, खर्च एवढा. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय ते मी त्या चार दिवसांत शिकले.

“मेदेत,” मी मध्येच विचारलं, “तू कुठे राहशील?”

“म्हणजे?”

“आल्यावर. तू. स्वतः.”

“माझं काय! पाहुणे कुठे येतील ते बघ.”

“चार वर्षं तूच पाहुणा आहेस,” मी म्हटलं, आणि फोन आपांच्या हातात देऊन बाहेर गेले. आपांनी त्याला काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. परत आले तेव्हा त्या बोचकं बांधत होत्या.

“चल,” म्हणाल्या, “तिसरं राहिलंय ना? तेही बघून टाकू. मग घरी जाऊन मेंढ्या घेऊ. मेंढ्यांना निदान शेजारी लागत नाहीत.”

दुसऱ्या दिवशी आक-ओरुकच्या फाट्यावर मिनीबसने आम्हाला उतरवलं, आणि धूळ उडवत ती निघून गेली. वारा असा होता की रुमाल डोक्यावर ठेवायला एक हात अडकला. पश्चिमेकडून सुटणाऱ्या वाऱ्याला इथले लोक उलान म्हणतात. तो सुटला की सरोवरही पांढऱ्या आयाळीच्या घोड्यांसारखं उधळतं. घराचा मालक इशेनाली बालिकचीला राहायचा. गाडी दुरुस्तीला दिली आहे, उद्या सकाळी येतो, असं त्याने कळवलं होतं. किल्ली शेजारच्या साइराकडे होती.

साइरा माझ्याच वयाची, गोल चेहऱ्याची, पिठाच्या हाताने बाहेर आली. “कधीपासून कुणी बघायला आलं नव्हतं,” ती म्हणाली, आणि किल्ली देताना कौतुकाने आमच्याकडे बघत राहिली.

तीन खोल्या, समोर लांब पडवी, मागे भट्टी, अंगणात हातपंप. जर्दाळूची अकरा-बारा झाडं, पानं नुकती पिवळी व्हायला लागलेली. पडवीच्या पायरीवर बसलं की फाटकातून खाली उतरणारी वाट दिसायची, आणि वाटेच्या शेवटी सरोवर. झाडांच्या आडोशाला वारा लागत नव्हता. मी बसले ती उठेचना. जागा पसंत पडल्याचं माझ्या तेव्हा ध्यानातही आलं नाही. नुसतं इतकंच वाटलं की बूट काढावेत.

आपा मात्र कमरेवर हात ठेवून अंगणभर फिरत होत्या.

“संडास बघ, थेट त्या टोकाला. दार लागत नाही. भट्टीला भेग. सरोवर आहे म्हणावं, तर तिथे जायला मेंढ्यांची पायवाट. दुकान एक, तेही दुकानदाराची मर्जी असली तर. अशाच काट्याकुट्यांत वाढले मी, सालकिन. यातून सुटायला लग्न केलं! आणि आता पैसे मोजून परत यायचं?”

“आपा, झाडं बघा ना.”

“झाडांचं भाडं मिळतं का? मी सांगते, अक्कल शाबूत असलेला एकही माणूस इथे पैसे देऊन राहायला येणार नाही!”

आणि तेवढ्यात फाटकात दोघंजण उभे राहिले.

एक बाई, एक पुरुष, पन्नाशीच्या पुढचे, दोघांच्या हातात सामानाने लादलेल्या सायकली. चेहरे धुळीने असे माखलेले की फक्त डोळेच तेवढे ओले दिसत होते. पुरुषाचे ओठ फाटले होते. बाईने रशियनमध्ये विचारलं, “माफ करा, इथे कुठे झोपायला जागा मिळेल? वाऱ्यात पुढे जाववत नाही.”

साइराने कुंपणावरून आमच्याकडे पाहिलं. मी आपांकडे पाहिलं. घर आमचं नव्हतं. आमच्याकडे दोन वितींचं बोचकं आणि चार उकडलेली अंडी. नाही म्हणायला हवं होतं.

“उभे काय राहिलात!” आपा ओरडल्या. “आत या! सालकिन, पंप मार! साइरा, गाद्या आण, किती आहेत? चहाचं पाणी तापवायला समोवार आहे का? आण!”

“आपा,” मी हळूच म्हटलं, “हे घर आपलं नाहीये.”

“घर नसेल आपलं. पाहुणे आपले आहेत. देवाने धाडलेत.”

ती दोघं एस्टोनियाची होती. बाईचं नाव लेलो, नवऱ्याचं आर्ने. रशियन दोघांनाही शाळेतली येत होती, आणि आपांनाही तशीच शाळेतली, त्यामुळे चुका एकमेकांना चांगल्या कळत होत्या. मी पाणी तापवलं. साइराने कुंपणावरून आधी गाद्या, मग पातेलं, मग मटणाचा तुकडा दिला, आणि शेवटी स्वतःच कुंपणावरून आली. आपांनी बाह्या सारून पीठ मळलं, लाटलं, कापलं, आणि केस्मे केलं, आमचं शेवयांचं सार. भट्टी धुपायला लागली तेव्हा साइराने ओल्या मातीने भेग लिंपली. जराशा वेळात खिडक्या घामेजल्या आणि घराला माणसांचा वास यायला लागला.

आर्नेने तीन वाडगे खाल्ले. चौथा भरताना आपांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी लिफ्टमध्येही पाहिला नव्हता. तो वाडगा हातात धरून आर्ने बसल्या जागीच झोपला. लेलोने वाडगा काढून घेतला आणि म्हणाली, “अठ्ठावीस वर्षं झाली लग्नाला. याला खाणं सोडून झोपताना आज पहिल्यांदा पाहतेय.”

“थकवा असा असावा,” आपा म्हणाल्या. “आणि जेवणही.”

सकाळी वारा पडला होता. मी उठले तर आपा जागेवर नाहीत. लेलोही नाही. वाटेने खाली गेले तर लेलो पाण्यात, पार आत, हात मारत चाललेली. आणि काठावर आपा, तिचा टॉवेल पोटाशी धरून, राखणीला उभ्या.

“बुडली तर?” त्या मला म्हणाल्या. “पाहुणी आहे.”

“तुम्हाला पोहता येतं?”

“नाही. पण ओरडता येतं.”

लेलो बाहेर आली, लाल झालेली, हसत. आणि तिने आपांकडे हात पुढे केला. आपांनी माझ्याकडे पाहिलं, मग मागे वाटेकडे पाहिलं. कुणी नव्हतं. त्यांनी बूट काढले, मोजे काढले, झगा होता तसाच ठेवला, आणि पाण्यात पाय टाकला.

“अय्याय्याय! गार आहे!” पण पुढे गेल्या. गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. झगा फुग्यासारखा वर आला, तो त्या दोन्ही हातांनी खाली दाबत होत्या आणि खिदळत होत्या, अगदी शाळकरी मुलीसारख्या. “सालकिन, ये! खाली दिसतंय! माझे पाय दिसतायत!” मग त्यांनी नाक धरलं आणि डोकं आत घातलं. वर आल्या तेव्हा रुमाल तरंगत लांब गेला होता, आणि त्यांना त्याची फिकीर नव्हती. रुमालामागे मी धावले. मीही झग्यासकट.

आम्ही तिघी निथळत घरी आलो तेव्हा साइराने समोवार पेटवला होता. तेवढ्यात मेदेतचा फोन आला, चेहरा दिसणारा. मी आपांच्या हातात दिला.

“आपा? तुमचे केस ओले का?”

“सरोवरात गेले होते.”

“कशाला?”

“अरे, आंघोळीला! पोहायला! तुला काय वाटलं, मासे धरायला?”

मग तो म्हणाला, “जरा मागचं दाखवा.” आपांनी फोन फिरवला. पडवी, झाडं, सायकली, पायरीवर बसून पावाला जर्दाळूचा मुरंबा लावणारा आर्ने. आर्नेने सुरी उंचावून नमस्कार केला.

“हा कोण?”

“आमचा पाहुणा.”

“घर घेतलं?”

“नाही अजून.”

“मग पाहुणा कसा?”

“तुला हिशेब कळतात, मेदेत,” आपा म्हणाल्या, “बाकीचं इथे आल्यावर कळेल.”

त्याने मला बोलवायला सांगितलं. मी फोन घेऊन झाडाखाली गेले. “सालकिन,” तो म्हणाला, “परवा तू विचारलंस ना, मी कुठे राहीन. दोन रात्री तोच विचार करत होतो. बोस्तेरीच्या फ्लॅटमध्ये मी बसलोय असं डोळ्यांसमोर आणून बघितलं. येईचना. सोफा दिसायचा, मी नाही दिसायचो.” मग म्हणाला, “त्या पायरीवर दिसतोय.”

मी झाडाकडे तोंड फिरवलं. बोलले असते तर रडले असते, आणि आर्ने बघत होता.

निघताना आर्नेने खिशातून पैसे काढून उशाशी ठेवायला सुरुवात केली. आपा तिथेच उभ्या ठाकल्या. “उचला. पाहुण्याकडून पैसे? माझ्या आईने मला दाराबाहेर काढलं असतं!”

आता मला खरी काळजी वाटली. जागा मिळेल, झाडं मिळतील, लोकही येतील, पण मालकीणच पैसे घ्यायला तयार नसेल तर हा धंदा कसला! मी म्हटलं, “आपा, मग आपण चाललोय काय करायला? मेदेतला काय, पाहुण्यांचे आशीर्वाद खाऊ घालणार?”

“आशीर्वादाला नावं ठेवू नकोस.”

“नाही ठेवत. पण गाद्या साइराच्या, लाकूड साइराचं.”

काय चाललंय ते लेलोने मला विचारून घेतलं. ती आपांना म्हणाली, “आई, आमच्या मागून आणखी सायकलवाले येतात. आम्ही एकमेकांना जागा सांगतो. तुम्ही पैसे घेतले नाहीत तर मी कुणाला सांगू शकणार नाही. फुकट खायला माणसं पाठवली असं होईल.”

आपा विचारात पडल्या. ओल्या वेणीचं टोक पिळत त्यांनी अंगणाला एक फेरी मारली. मग परत येऊन न्यायाधीशासारखं बोलल्या: “गादीचे घेईन. गादी ही वस्तू आहे. चहा आणि पावाचे नाही. ते देवाचं.”

“आणि केस्मेचे?” मी विचारलं.

“केस्मेचं बघू.”

नेमका तेव्हा इशेनाली आला. उंच, वाकलेला, पांढरी फेल्टची टोपी. फाटकातून आत आला तर त्याच्या बंद घरातून धूर निघतोय, अंगणात परदेशी माणसं, झाडाला झगे वाळत घातलेले. तो दोन पावलं मागे गेला आणि त्याने फाटक नीट बघून घेतलं.

“तुमचंच आहे, बायके,” वडीलधाऱ्या पुरुषाला आमच्याकडे म्हणतात तसं मी म्हटलं, आणि सगळी हकीकत सांगितली. भट्टी वापरली त्याची माफी मागितली.

इशेनाली भला माणूस, पण विकणारा तो विकणाराच. त्याने सायकलींकडे पाहिलं, डोळे बारीक केले आणि म्हणाला, “म्हणजे इथे पर्यटक येतात तर. मग किंमत जरा... एका गाईइतकी वाढवावी लागेल.”

“गाईइतकी!” आपा कडाडल्या. “पाहुणे मी आणले!”

“घर माझं होतं म्हणून आले.”

“तुझं घर वर्षभर बंद होतं, तेव्हा कोंबडी तरी आली का?”

आर्नेला आणि लेलोला आमच्या भाषेतले शब्द कळत नव्हते, पण भाव कळत होता. लेलोने मला विचारलं, मी सांगितलं. ती उठली आणि अतिशय नम्रपणे, शाळेतल्या रशियनमध्ये इशेनालीला म्हणाली, “घर फार सुंदर आहे. मी सगळ्यांना सांगणार आहे. हेही सांगणार आहे की संडासाचं दार लागत नाही, मी ते पायाने धरून बसले होते. आणि मधल्या खोलीत माझ्या नाकावर छपरातून माती पडली.”

साइरा कुंपणाला टेकून पोट धरून हसायला लागली. इशेनालीच्या मिशा थरथरल्या. हसू आवरायचा त्याने प्रयत्न केला, पण आपांनी पाय लांब करून लेलो कशी बसली असेल ते करून दाखवलं, तेव्हा तोही फुटला. गाय गेली. त्यानंतर घासाघीस चहाच्या तीन समोवारांपर्यंत चालली, आणि शेवटी ठरलेल्या किमतीतून संडासासाठी म्हणून दोन मेंढ्यांइतकं आणखी कमी झालं. हात मिळवताना इशेनाली मला म्हणाला, “पोरी, मी विकतोय कारण माझी म्हातारी गेल्यापासून मला इथे एकट्याने बसवत नाही. आज धूर बघून बरं वाटलं.” आपांनी त्याच्यासमोर आणखी एक पाव ठेवला आणि त्याच्यावरचा सगळाच राग सोडून दिला.

कागदपत्रं मी नीट तपासून घेतली. जमिनीचा नकाशा काराकोलला जाऊन पाहिला. हिवाळ्यात रस्ता मोकळा असतो का, दवाखाना किती लांब, हे दहा जणांना विचारलं. आपा म्हणायच्या, “औषधांच्या दुकानातली बाई, हगवणीचं औषध देतानाही दहा प्रश्न.” त्या हिवाळ्यात आम्ही दोघींनी नवा संडास बांधून घेतला, घराला लागून, कडी असलेला. छप्पर केलं, भट्टी नवी घातली. बेगिमायने फोटो काढून घर नेटवर टाकलं.

मे महिनाभर कुणी आलं नाही. मेदेतचे सहकारी त्याला चिडवायचे. आपा रोज फाटकापर्यंत जाऊन यायच्या आणि भांडी घासायला बसायच्या. जूनमध्ये एक सायकलवाला आला, लेलोने पाठवलेला. मग दोघं फ्रेंच. मग अल्माटीची कुटुंबं, बोस्तेरीच्या गर्दीला कंटाळलेली, पोराबाळांसकट. ती आल्यावर मात्र आम्हाला श्वास घ्यायला फुरसत राहिली नाही. साइराने तिच्या घराच्याही दोन खोल्या उघडल्या. आपा गादीचे पैसे मोजून घ्यायच्या, आणि केस्मेचं अजून ‘बघू’च चाललं होतं.

मेदेतने येण्याची तारीख कळवली नव्हती. जुलैच्या एका दुपारी मी अंगणात चादरी वाळत घालत होते, आणि चादरीखालून मला रंगाचे डाग पडलेले बूट दिसले. चादर बाजूला करायलाही मला सुचलं नाही. त्यानेच केली.

“जागा मिळेल का?” त्याने विचारलं.

“सगळं भरलंय,” मी म्हटलं, आणि ते खरंच होतं. मग मी त्याच्या छातीवर डोकं टेकलं, आणि हातातला चादरीचा चिमटा त्याच्या शर्टालाच लागला.

आपा स्वयंपाकघरातून धावत आल्या, पीठभरल्या हातांनी त्याचा चेहरा धरला, त्याला पांढरा करून टाकला, खूप रागावल्या, खूप रडल्या, आणि मग त्याला जेवायला घातलं. झोपायला खरोखरच गादी शिल्लक नव्हती. तो जर्दाळूच्या झाडाखालच्या लाकडी बाजेवर जरा पाठ टेकतो म्हणाला, आणि बुटांसकट झोपून गेला. झाडं तेव्हा फळांनी पिवळीधमक होती. मधूनमधून एखादं पिकलेलं फळ टप्पकन त्याच्या शेजारी पडायचं, तरी तो हलला नाही.

अल्माटीची मंडळी सरोवरावरून परतली, ओली, आरडाओरडा करत, पोरं पुढे आणि बाप मागे. आपा फाटकात जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

“हळू,” त्या म्हणाल्या, “माझा मुलगा झोपलाय.”

आणि ते सगळे चपला हातात घेऊन, पाऊल न वाजवता ओळीने पडवीत गेले.